शेतकरी उत्पादक कंपनी: नोंदणीआधी विश्वासाची बांधणी
शेतकऱ्यांनी एकत्र येऊन स्वतःच्या मालकीची काढलेली कंपनी म्हणजे उत्पादक कंपनी. तिच्या नोंदणीला 10 शेतकरी आणि 5 संचालक पुरतात. ती टिकते मात्र परस्परविश्वासावर. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना 1950 साली सुरू झाला, पण त्याचे संस्थापक विठ्ठलराव विखे पाटील यांनी त्याच्या कितीतरी आधी, 1923 साली, लोणीत पतसंस्था उभारून माणसे जोडली होती. म्हणून प्रथम एक हंगाम सामायिक खतखरेदी करावी आणि प्रत्येक गोणीचा भाव, हमाली व वाहतूक फळ्यावर लिहून हिशेब सर्वांसमोर वाचावा. भावकीबाहेरच्या, शेजारच्या गावांतील आणि महिला शेतकऱ्यांना सुरुवातीपासूनच सभासद करून घ्यावे, कारण एकाच भावकीच्या संस्थेला बाहेरचा बाजार सहसा उघडत नाही, असे माझे ठाम मत आहे. कागदपत्रांचे काम सनदी लेखापालाकडे सोपवावे. पहिल्या विक्रीचे पैसे ठरल्या दिवशीच प्रत्येकाच्या खात्यावर जमा करावेत.