क्लबचा सगळ्यात भारी हंगाम वहीत कसा ठरवायचा

मुंबई सिटी या फुटबॉल क्लबचा २०२०-२१ चा हंगाम भारी की २०२२-२३ चा, यावरून आमच्या कट्ट्यावर कायम दोन तट पडतात. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे. आवाज चढवण्यापेक्षा वही उघडलेली बरी, असं आपलं मत.

एका हंगामाला एक पान द्या. सामने, जिंकले, बरोबरी, हरले, केलेले गोल, अंगावर झालेले गोल. मग गुणांना सामन्यांनी भागा. हे टाळलं की हमखास फसगत. मुंबईनं २०२३-२४ मध्ये ४७ गुण मिळवले, २०२२-२३ मध्ये ४६. पण आधी सामने २० होते, नंतर २२ झाले. भागलं की २.३ विरुद्ध २.१४.

ट्रॉफ्यांना वेगळा रकाना करा. आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग, हे क्लब खेळतात ती देशातली स्पर्धा. या हंगामांत तिथं साखळीत पहिला येईल त्याला शील्ड आणि नंतरची बाद फेरी जिंकेल त्याला कप मिळायचा. २०२०-२१ मध्ये मुंबईनं दोन्ही घेतले, तेही प्रेक्षकांविना, गोव्यातल्या रिकाम्या मैदानांवर. साखळीत त्यांचे आणि एटीके मोहन बागानचे गुण सारखेच, ४०. पण मुंबईनं त्यांना १-० आणि २-० असं दोनदा हरवलं होतं, म्हणून शील्ड इकडे आली. फायनललाही तेच समोर. १-१ असताना ९०व्या मिनिटाला बिपिन सिंगनं गोल मारला आणि विषय संपवला.

२०२२-२३ चं पान दिसायला जास्त देखणं: ५४ गोल, सलग १८ सामने अपराजित, शील्डही घरात. पण सेमीफायनलला बंगळुरूनं पेनल्टीवर ९-८ नं घालवलं. कपचा रकाना कोरा.

आता सगळ्यात जास्त गफलत होते ती जागा. एएफसी चॅम्पियन्स लीग या आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेत सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब मुंबईच. इराकच्या अल-कुवा अल-जाविया संघाला २-१ हरवलं. पोरं हा विजय २०२०-२१ च्या खात्यावर टाकतात, कारण प्रवेश त्या वर्षीच्या शील्डमुळे मिळाला होता. सामना मात्र एप्रिल २०२२ चा. चालू सालची पट्टी मागच्या सालात जमा धरली, तर आमचे शेठ मला घरी बसवतील!

माझा निकाल असा: खेळ २०२२-२३ चा, यश २०२०-२१ चं. पटत नसेल तर स्वतःची वही घाला.

आपल्याकडच्या फुटबॉल मंडळांचं पान भरताना गुणांचा रकाना सोडून द्या. बहुतेक स्पर्धा बाद पद्धतीच्या, एक हरला की गाशा गुंडाळा. तिथं कोणत्या फेरीपर्यंत गेलो आणि कुणाला हरवून गेलो, एवढं पुरे. गोल कुणाचा ते मात्र त्याच संध्याकाळी लिहून घ्या. आठवड्यानं विचारलं, तर एकाच गोलाला तीन मालक निघतात.