मुलांच्या जबड्याच्या सांध्याचा संधिवात: शस्त्रक्रियेविना उपचार कसे करावेत

वयाच्या सोळाव्या वर्षाआधी सुरू झालेल्या आणि सहा आठवड्यांहून अधिक टिकलेल्या बालसंधिवातात गुडघा सुजला की तो लगेच नजरेत भरतो. कानापुढचा जबड्याचा सांधा मात्र पुष्कळदा न दुखता, न सुजता बिघडत जातो. खालच्या जबड्याची वाढ ज्या कूर्चेमुळे होते ती याच सांध्यात, हाडाच्या टोकावर अगदी वरच्या थरात असते. त्यामुळे दाह लांबला तर हनुवटी मागे राहते किंवा आजारी बाजूकडे वळते. उपचार ठरवताना ‘दुखत नाही ना?’ एवढ्यावर थांबू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

पहिले काम घरचे. मुलाला तोंड पूर्ण उघडायला सांगून वरच्या आणि खालच्या मधल्या दातांच्या कडांमधील अंतर पट्टीने मोजावे. शाळेच्या पट्टीला शून्याआधी थोडी मोकळी जागा असते, म्हणून शून्याची रेघच दाताच्या कडेला लावावी. दर महिन्याला तेच दात धरून मोजावे, आणि दुधाचा दात पडला असल्यास तशी नोंद करावी. हनुवटी सरळ खाली येते की एका बाजूला जाते, हेही लिहावे. आकडा घटू लागला किंवा हनुवटी वळू लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता बालसंधिवाततज्ज्ञांना दाखवावे. चालू दाह ओळखण्यासाठी कॉन्ट्रास्ट (चित्रात दाह उठून दिसावा म्हणून शिरेतून दिले जाणारे द्रव्य) देऊन केलेला एमआरआय सर्वांत उपयोगी असतो. एक्स-रेमध्ये हाडाची झीज उशिरा दिसते, तेव्हा केवळ तो चांगला आला म्हणून निर्धास्त राहू नये.

औषधांची सुरुवात सहसा नेप्रोक्सेनसारख्या दाहशामक गोळ्यांनी होते; त्या जेवणानंतर द्याव्यात. तेवढ्याने दाह आटोक्यात न आल्यास मेथोट्रेक्सेट आणि गरजेप्रमाणे अ‍ॅडालिमुमॅबसारखी जैविक औषधे (दाह पेटवणाऱ्या ठरावीक घटकालाच रोखणारी प्रथिने) दिली जातात. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज दिल्यास जिवावर बेतू शकते, म्हणून वार ठरवून तो कॅलेंडरवर लिहावा. फॉलिक अ‍ॅसिड आणि ठरावीक काळाने रक्ततपासणी ही त्याची जोड आहे. कोणतीही लस घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, कारण या औषधांवर असताना काही जिवंत लसी (दुर्बल केलेले जिवंत जंतू असलेल्या) टाळाव्या लागतात. सांध्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन देण्याबाबत वाढत्या मुलांमध्ये फार सावधगिरी बाळगली जाते. त्याने सांध्यात नको तिथे हाड तयार होऊ शकते आणि जबड्याची वाढही खुंटू शकते.

दातांवर बसवायची अ‍ॅक्रिलिकची स्प्लिंट सांध्यावरचा ताण हलका करते, पण दाह शमवत नाही. ती लावली म्हणून औषध बंद करू नये. नवे दात येतात तशी ती ऑर्थोडॉन्टिस्टकडून (दात-जबड्याची ठेवण सुधारणाऱ्या दंततज्ज्ञाकडून) जुळवून घ्यावी लागते.

दुखण्याच्या दिवसांत वरण-भात, खिचडी, आमटीत कुस्करलेली भाकरी द्यावी. ऊस, चिक्की, फुटाणे आणि च्युइंगगम टाळावे. कोमट ओल्या फडक्याचा शेक दहा मिनिटे घेऊन फिजिओथेरपिस्टने शिकवलेले तोंड उघडण्याचे व्यायाम हळूहळू करावेत. हाताने जबडा ओढू नये.

याच आजारात डोळ्यांच्या आतही लाली किंवा वेदना नसताना दाह होऊ शकतो, त्यामुळे नेत्रतज्ज्ञांकडे स्लिट-लॅम्प तपासणी (प्रकाशाच्या अरुंद झोतात सूक्ष्मदर्शकाने डोळा पाहणे) ठरलेल्या वेळी करावी. आजार शांत झाला तरी जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत दातांमधील अंतर मोजत राहावे, कारण इतर सांधे ठीक असतानाही जबड्यात दाह पुन्हा सुरू होऊ शकतो.