पिझ्झाची फ्रँचायझी घेताय? आधी या चुका टाळा

‘किती लाखांत मिळते?’ पिझ्झाच्या फ्रँचायझीची चौकशी करणारे बहुतेक जण हाच प्रश्न आधी विचारतात. भाडं, पगार आणि रॉयल्टी (ब्रँड वापरल्याबद्दल कंपनीला द्यायचा हिस्सा) देऊन महिनाअखेर हातात काय राहील, हा प्रश्न सुचतो तो दुकानावर बोर्ड चढल्यावर.

न मिळणारा ब्रँड विकत घेणे

डॉमिनोजची दुकानं भारतात ज्युबिलंट फूडवर्क्स ही कंपनी स्वतः चालवते. सर्वसामान्य गुंतवणूकदाराला ती फ्रँचायझी देत नाही. पिझ्झा हटची दुकानंही वर्षानुवर्षं देवयानी इंटरनॅशनल आणि सफायर फूड्स अशा बड्या कंपन्यांनीच चालवली आहेत. तरीही ‘डॉमिनोज फ्रँचायझी’ म्हणून गुगलवर शोधलंत की हुबेहूब लोगो लावलेल्या बनावट वेबसाइट सापडतात. फॉर्म भरा, नोंदणी शुल्क भरा, मग ‘ना हरकत’चे पैसे, मग मशीनचा अ‍ॅडव्हान्स. पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

म्हणजे तुमच्या-आमच्या वाट्याला येतात ते लहान आणि मध्यम ब्रँड. त्यात चांगलेही आहेत. पण भारतात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. अमेरिकेत सही किंवा पैसे घेण्याच्या किमान १४ दिवस आधी माहितीपत्रक हातात द्यावं लागतं. इथे तसं बंधन नाही. म्हणून जुन्या फ्रँचायझीवाल्यांचे नंबर मागा, आणि बंद पडलेल्या दुकानांचे तर आवर्जून मागा. ते द्यायला टाळाटाळ झाली तर काय समजायचं ते समजा.

विक्रीलाच कमाई समजणे

एक हिशेब मांडू. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या गावाचे घालून बघा. महिन्याची विक्री, जीएसटी सोडून, ६ लाख. त्यातली ६० टक्के स्विगी-झोमॅटोवरून.

कच्चा माल आणि खोके ३८ टक्क्यांनी २,२८,००० रुपये. ऑनलाइन विक्रीवर २५ टक्के कमिशन म्हणजे ९०,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण १,०६,२००. गाळ्याचं भाडं ८०,००० आणि कर धरून ९४,४००. रॉयल्टी ६ टक्के, करासह ४२,४८०. सहा जणांचा पगार ९०,०००. वीज आणि गॅस ३५,०००. बेरीज ५,९६,०८०.

उरले ३,९२० रुपये. बँकेचा हप्ता अजून द्यायचाय. ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी २५ लाख घेतले असतील तर तो सुमारे ५४,४०० येतो. तुम्ही स्वतः दिवसभर गल्ल्यावर बसता, त्याचा पगार तर धरलेलाच नाही.

यातली खोच करात आहे. साधं रेस्टॉरंट ग्राहकाकडून ५ टक्के जीएसटी घेतं, पण नोव्हेंबर २०१७ पासून त्याला इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला कर वजा करून घेण्याची सवलत, मिळत नाही. वरच्या हिशेबात कमिशन, भाडं आणि रॉयल्टीवर भरलेले ३७,०८० रुपये सरळ खर्चातच जातात. गाळामालकाची जीएसटी नोंदणी नसली तरी सुटका नाही. १० ऑक्टोबर २०२४ पासून नियमित नोंदणी असलेल्या भाडेकरूलाच तो कर भरावा लागतो. कंपनीच्या चकचकीत ब्रोशरमधल्या नफ्याच्या तक्त्यात ही ओळ आहे का, तेवढं तपासा.

आणि रॉयल्टी विक्रीवर असते, नफ्यावर नव्हे. दुकान तोट्यात गेलं तरी ती चुकत नाही.

गाळा आणि करार यांचा मेळ न घालणे

फ्रँचायझी पाच वर्षांची आणि गाळ्याचा करार अकरा महिन्यांचा, असं सर्रास होतं. धंदा बसला की मालक भाडं वाढवतो आणि ओव्हन, फर्निचर, डक्ट अडकलेलं असल्याने तुम्हाला मान डोलवावी लागते. गाळ्याचा करार, म्हणजे लीव्ह अँड लायसन्स, फ्रँचायझीच्या मुदतीशी जुळवूनच करा. महाराष्ट्रात त्याची नोंदणी बंधनकारक आहे. ‘लॉक-इन’, म्हणजे ठरलेल्या काळाआधी करार न मोडण्याची अट, मालकाला लागू असावा. तुम्हाला मात्र नोटीस देऊन बाहेर पडता आलं पाहिजे. इलेक्ट्रिक ओव्हनची ऑर्डर देण्याआधी महावितरणकडून मंजूर भार किती आहे ते बघा. सोसायटीच्या इमारतीत धुराड्याला परवानगी मिळेल का, हेही आधीच विचारा. कॉलेजजवळचा गाळा पाहायचा असेल तर तो मे महिन्यातही एकदा बघून या.

दुकान चालू आहे, पण पैसे उरत नाहीत

आधी चीज तोला. कारागीर हाताने टाकतो तेव्हा पिझ्झामागे २० ग्रॅम जास्त पडणं अगदी सोपं आहे. मोझरेला ४५० रुपये किलो धरला तर ते ९ रुपये, रोज १०० पिझ्झे म्हणजे महिन्याला २७,०००. ओट्यावर छोटा डिजिटल काटा ठेवा आणि प्रत्येक साइजचं वजन भिंतीवर लिहा. कंपनीकडूनच चीज घ्यायची सक्ती असेल तर तिचा भाव बाजारभावाशी दर महिन्याला ताडून पाहा. रॉयल्टी कमी सांगून मालात वसूल करणारेही असतात.

मग ऑनलाइनचा वाटा बघा. वरच्याच हिशेबात तो ६० वरून ३० टक्क्यांवर आला तर ५३,१०० रुपये वाचतात, म्हणजे बँकेचा हप्ता जेमतेम निघतो. प्रत्येक खोक्यावर दुकानाचा फोन नंबर छापा आणि दोन-तीन किलोमीटरच्या आतल्या ऑर्डरी स्वतःच्या पोऱ्याकडून पोचवा. थेट ऑर्डर देणाऱ्याला गार्लिक ब्रेड फुकट दिलीत तरी ती कमिशनपेक्षा स्वस्तच पडते. फक्त करारात थेट ऑर्डरी घ्यायला मनाई नाही ना, ते कलम आधी वाचा.