पॉवर सीट हलत नाही? मोटर बदलण्याआधी या चुका टाळा

पॉवर सीट हलेनाशी झाली की गॅरेजमध्ये बहुतेक वेळा एकच निदान होतं, "मोटर गेली." मोटर स्वस्त नसते, काही गाड्यांना ती सुटी मिळतही नाही आणि फ्रेमसकट घ्यावी लागते. एवढा खर्च झाल्यावर सीट तशीच अडून बसली, तर दोष वायरिंगमध्ये होता हे फार उशिरा कळतं. खरं तर हे सर्किट सोपं आहे. ते समजून घेतलं तर निम्मं निदान बटणं दाबूनच होतं.

मेमरी (सीटची जागा लक्षात ठेवण्याची सोय) नसलेल्या साध्या सीटमध्ये पुढे-मागे, उंची आणि पाठ यांसाठी वेगवेगळ्या डीसी मोटर असतात. प्रत्येक मोटरला दोन जाड वायर. बटण मोकळं असताना सहसा दोन्ही वायर अर्थला, म्हणजे गाडीच्या पत्र्यामार्गे बॅटरीच्या निगेटिव्हला, जोडलेल्या असतात. बटण दाबलं की एकीला 12 व्होल्ट मिळतात, दुसरी अर्थलाच राहते. उलट दिशेला दाबलं की याची अदलाबदल होते. म्हणून सीट पुढे जाते पण मागे येत नाही, अशा वेळी मोटरवर संशय घेऊ नका. स्विचमधला एखादा पॉइंट जळलेला असतो, नाहीतर सीट ज्यावर सरकते त्या रेलमध्ये बाटली किंवा छत्री अडकलेली असते. सगळ्याच हालचाली एकदम बंद झाल्या असतील तर फ्यूज, अर्थ आणि सीटखालचा मुख्य कपलर (वायर जोडणारा प्लग) बघा. सगळ्या मोटर एकाच दिवशी जळत नाहीत.

अंधारात आणखी एक तपासणी करता येते. इंजिन बंद ठेवून केबिनचा दिवा लावा आणि बटण दाबा. दिवा किंचित मंदावला पण सीट हलली नाही, तर मोटरपर्यंत करंट पोचतोय आणि अडचण बहुधा यांत्रिक आहे. दिव्यात काहीच फरक पडला नाही, तर सर्किट कुठेतरी तुटलंय. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण सीट जागची हलत नाही, तेव्हा गिअर किंवा फिरणारी केबल तुटलेली असते. तिथे वायरिंग उसकटून काही मिळणार नाही.

आता सर्वांत महागात पडणारी चूक. कपलरवर मल्टिमीटर लावला, 12.4 व्होल्ट दिसले, "सप्लाय ओके" म्हटलं आणि मोटर बदलली. मल्टिमीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. त्यामुळे वायरची एकच तार शिल्लक असली किंवा पिनवर गंज चढलेला असला तरी आकडा पूर्ण दिसतो. मोटर करंट मागते तेव्हा तोच व्होल्टेज कोसळतो. म्हणून मोजायचं ते लोड देऊन, म्हणजे करंट ओढणारं काहीतरी जोडून. मोटरचा कपलर काढा, वायरिंगच्या बाजूच्या दोन पिनांमध्ये 21 वॅटचा इंडिकेटरचा बल्ब जोडा आणि बटण दोन्ही दिशांना दाबा. हा बल्ब पावणेदोन अँपिअरच्या आसपास करंट घेतो. हेडलाइटचा 55 वॅटचा बल्ब साडेचार अँपिअर घेतो, तो लावला तर परीक्षा आणखी कडक. दोन्ही दिशांना बल्ब लख्ख पेटला तरच मोटरला दोष द्या.

मिणमिणता पेटला, तर लोड तसाच ठेवून बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून कपलरच्या सप्लाय पिनपर्यंत व्होल्टेज मोजा. मग अर्थच्या पिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट दिसली ती बाजू खराब. आपल्याकडे पावसाळ्यानंतर ही बाजू बऱ्याचदा अर्थची निघते. एसीचा ड्रेन पाइप चोक झाला की पाणी कार्पेटखाली साचतं, वरून कार्पेट कोरडं वाटतं आणि अर्थचा बोल्ट खाली गंजत राहतो. बोल्ट काढून पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. पाणी आलं कुठून ते शोधलं नाही, तर पुढच्या पावसात हेच काम पुन्हा करावं लागेल.

सीटखाली पिवळे कपलर असतील तर त्यांना मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्प अजिबात लावू नका. ते साइड एअरबॅग आणि सीटबेल्टच्या प्रीटेन्शनरचे (अपघातात पट्टा घट्ट ओढणाऱ्या यंत्रणेचे) असतात. सीट काढायची असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबा. कपलर सुटलेले असताना इग्निशन चालू केलं तर एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो घालवायला बहुतेकदा एरर कोड पुसणारा स्कॅनर लागतो.

फ्यूज उडतो म्हणून 30 अँपिअरच्या जागी 40 चा टाकणं म्हणजे वायरलाच फ्यूज बनवणं, आणि ती वायर कार्पेट-फोमच्या मधून गेलेली असते. काही गाड्यांत फ्यूजऐवजी गार झाल्यावर आपोआप जुळणारा ब्रेकर असतो. सीट थोड्या वेळाने स्वतःहून चालू होत असेल तर मोटरवर ताण येतोय. रेल कोरडी किंवा वाकडी आहे का ते बघा.

मेमरीच्या सीटमध्ये मोटरला जाड वायरींसोबत बारीक वायरही असतात. त्या सेन्सरच्या. बॅटरीची थेट वायर लावून मोटर फिरवून बघताना त्यांना 12 व्होल्ट लागले तर सेन्सर जाऊ शकतो.

सीट एका ठरावीक जागी आली की बंद पडते, तेव्हा वायर बहुधा रेलवर घासलेली किंवा ताणून तुटलेली असते. बाजारातल्या सीट कव्हरचे हुक हार्नेसला (वायरींच्या जुडग्याला) अडकवलेले असतात, तेही याचं कारण असतं. बटण दाबून धरा आणि दुसऱ्या माणसाला हार्नेस हलक्या हाताने हलवायला सांगा. सीट हलली ती जागा सापडली. तिथे तार पिळून टेप गुंडाळू नका. तेवढ्याच जाडीची वायर सोल्डर करून जोडा, वर हीटश्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी प्लास्टिकची नळी) चढवा, थोडी ढील ठेवून हार्नेस रेलपासून लांब बांधा. मग सीट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेताना टॉर्च घेऊन खाली बघा, वायर कुठे ताणली जात नाही ना.