मालकाच्या दुरुस्तीत दुकानाची वीज गेली, ती अशी परत आली
गिरगावात आमचं पागडीचं, म्हणजे एकरकमी रक्कम देऊन भाड्याने घेतलेलं दुकान. मालकाने इमारतीची दुरुस्ती काढली, दारात परांची उभी राहिली आणि मुकादमाने मीटरची वायरच तोडली. पोलीस म्हणाले, दिवाणी मामला. वॉर्ड ऑफिसात परवानगीचे कागद चोख. डोकं फिरायची वेळ आली.

लागू पडलं ते असं. आधी तारखेसकट फोटो, वीजबिलं, भाडेपावत्या जमवल्या. भाडं चालूच ठेवलं. थकबाकी म्हणजे मालकाच्या हातात आयतं कोलीत. मग पोचपावतीसह नोटीस. त्यानंतर धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २९ खाली अर्ज, त्यातच अंतरिम, म्हणजे निकालाआधीच्या तात्पुरत्या आदेशाची मागणी. मालकाच्या वतीने दुसऱ्याने वीज तोडली तरी हे कलम लागतं. आदेश निघाला, वीज आली. परांचीचं भांडण मात्र वेगळं. हे कलम वीज, पाणी, लिफ्ट अशा सेवांपुरतंच.