बाहेर बसून चित्र काढा, आणि त्यातूनच थोडा वेळ निघून जा

साहित्याच्या लांबलचक याद्या विसरा. एक २बी, एक ६बी (जास्त मऊ आणि गडद) पेन्सिल, लहान वही आणि बसायला स्टूल, एवढ्यावर काम होतं. वही मात्र सावलीत धरा. उन्हात पांढरा कागद इतका चमकतो की छटा फिक्या वाटतात, आपण पेन्सिल दाबत राहतो आणि घरी येऊन पाहावं तर सगळं काळंकुट्ट.

समोर दिसतं ते सगळं काढायचं नसतं. पुठ्ठ्यात काडेपेटीएवढी खिडकी कापून त्यातून बघा, आवडेल तेवढाच तुकडा घ्या. डोळे किलकिले केले की पानं नाहीशी होतात आणि उजेड, मधली छटा, अंधार एवढे तीनच आकार उरतात. ते आधी मांडा. सावल्यांच्या कडा पहिल्या पाच मिनिटांत आखा आणि नंतर हलवू नका. सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो. त्याच्यामागे धावलात तर एकाच चित्रात दिवसाच्या दोन वेगळ्या वेळा उतरतात.

आता अवघड भाग: समोरच्या चित्रात कल्पनेतलं काही घालणं. नवशिक्यांना हमखास सांगतात, ‘मनात येईल ते काढा.’ या सल्ल्याने माझं वर्ष वाया गेलं. घरातल्या एका कठीण काळात मी रोज संध्याकाळी वही घेऊन बाहेर पडायचे, फक्त डोकं शांत व्हावं म्हणून. झाडांमध्ये मनातला मनोरा काढायचे आणि तो दरवेळी वरून चिकटवल्यासारखा दिसायचा. चित्रात शिरताच येत नव्हतं. मला वाटायचं, आपली कल्पनाशक्तीच कमी पडते. चूक वेगळीच होती. झाडं मी बसून पाहिलेली होती, आणि मनोरा कुठूनच पाहिलेला नव्हता.

म्हणून कल्पनेतलं काहीही काढण्याआधी क्षितिजरेषा आखा. क्षितिजरेषा म्हणजे तुमच्या डोळ्यांची पातळी. पेन्सिल डोळ्यांसमोर आडवी धरा; ती समोरच्या खोडाला जिथे छेदते, तिथून कागदभर फिकट रेघ ओढा. स्टुलावर बसल्यावर डोळे जमिनीपासून साधारण ४ फुटांवर असतात. त्यामुळे सपाट जमिनीवर कोणताही मोठा माणूस उभा करा, जवळ किंवा लांब, रेघ त्याच्या छातीपाशीच जाईल. १२ फुटी दार हवंय? रेघेखाली एक भाग, वर दोन भाग. दार जितकं दूर, तितका त्याचा उंबरठा रेघेच्या जवळ. हे एवढं पाळलं की न पाहिलेली वस्तूही तुमच्यासमोर उभी राहते. तिची सावली शेजारच्या खऱ्या झाडाच्या सावलीच्या दिशेनेच पाडा आणि तितकीच गडद करा. ही सावली विसरू नका, वस्तूला जमिनीवर टेकवते ती हीच.

दुसरी गोष्ट घाईची. निदान वीस मिनिटं फक्त समोरचं मोजा: हात ताठ, एक डोळा मिटलेला, पेन्सिलीवर अंगठा सरकवत खोडाची उंची फांदीशी ताडून बघा. मोजण्यात हात आणि डोळा गुंतले की डोक्यातली तीच ती वाक्यं मंदावतात, निदान माझ्या बाबतीत तरी असंच होतं. घरची काळजी घेऊन थेट कल्पनेत शिरायला गेले तेव्हा काळजीच कागदावर उतरली.

मग नजर पोहोचत नाही अशी जागा शोधा: पायवाटेचं वळण, भिंतीमागचा अंधार, दोन खोडांमधली फट. तिथे एकच गोष्ट घाला. पंख, ढगातले राजवाडे नकोत. अर्धं उघडं दार पुष्कळ आहे. त्याची कडी कोणत्या बाजूला, पायरी झिजलीय का, आत दिवा लागतो का, असे बारीक प्रश्न विचारत काढा. उत्तरं देता देता तुम्ही तिथे जाता.

खऱ्या सावल्या आखलेल्या कडांपासून फार दूर गेल्या की थांबा. घरी गेल्यावर, समोर पाहून काढलेल्या भागाला हात लावू नका. कल्पनेतला भाग ६बीने हवा तेवढा गडद करा. माझ्या वहीतल्या एका दाराच्या आत मी अजून काहीच काढलेलं नाही. उद्या संध्याकाळी त्याच जागी बसणार आहे.