वाढत्या छोट्या शहरात कायमचं राहायला जाताय? या चुका टाळा

निवृत्ती जवळ आली, किंवा घरून काम करायची सोय झाली, की मोठं शहर सोडून छोट्या शहरात जायचा विचार बऱ्याच जणांच्या मनात येतो. त्यातही झपाट्याने वाढणाऱ्या शहराची भुरळ जास्त, कारण निवांतपणाही मिळेल आणि नव्या सोयीही येतील असं वाटतं. काही काळ तसं घडतंही. पण वाढत्या शहरात निवांतपणा आधी जातो आणि सोयी मागाहून येतात. मधली जी वर्षं असतात, ती बहुधा आपल्याच वाट्याला येतात. शहर मुळात वाईट होतं म्हणून पस्तावणारे लोक कमीच. आज दिसलं तसंच शहर राहील आणि आज आहोत तसेच आपण राहू, असं धरून चाललेले लोक जास्त.

वाढीचं गणित न मांडणं

"लोकसंख्या वर्षाला सात टक्क्यांनी वाढतेय" हे वाक्य कानाला किरकोळ वाटतं. 70 या आकड्याला वाढीच्या टक्क्यांनी भागा. येणारं उत्तर म्हणजे लोकसंख्या दुप्पट व्हायला साधारण किती वर्षं लागतील ते. सात टक्के म्हणजे 10 वर्षं. आज 20 हजार वस्तीचं शहर दहा वर्षांनी 40 हजारांचं आणि वीस वर्षांनी 80 हजारांचं. साठीत राहायला गेलात तर ऐंशीव्या वर्षी तुम्ही चौपट मोठ्या शहरात राहत असाल, न हलता. कुठलाही वेग इतकी वर्षं टिकत नाही हे खरं, पण तो निम्म्यावर आला तरी तुमच्या हयातीत शहर दुप्पट होतंच.

म्हणून घर पाहायला जाल तेव्हा विकास आराखडाही पाहा. मागच्या खिडकीतून दिसणारं मोकळं रान आराखड्यात निवासी म्हणून दाखवलं असेल, तर ते रान नाही, पुढच्या इमारतीची जागा आहे. समोरची शांत गल्ली रुंद रस्ता म्हणून आखलेली असू शकते. विकणारा हे आपणहून सांगणार नाही, आणि बहुतेक जण विचारतही नाहीत.

वाढ कशाच्या जिवावर आहे हे न विचारणं

एकाच कारखान्यावर, एकाच खाणीवर किंवा नुसत्या पर्यटनावर वाढणारं शहर आणि शिक्षण, व्यापार, शेतीप्रक्रिया, सरकारी कचेऱ्या अशा चार-पाच आधारांवर वाढणारं शहर, दोन्हींकडे बांधकामाच्या क्रेन सारख्याच दिसतात. फरक मंदी आली की कळतो. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातलं जिलेट हे गाव 1970 च्या दशकात कोळशामुळे अचानक फुगलं. दारू, घटस्फोट, गुन्हे आणि नैराश्य वाढल्याचं मानसशास्त्रज्ञ एल्डीन कोर्स यांनी 1974 साली मांडलं, आणि त्या लक्षणांना या गावाचंच नाव चिकटलं. त्यांच्या आकडेवारीवर पुढे समाजशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले, तेही रास्त होते. तरी एक प्रश्न उरतोच: शहरात नवी माणसं कशासाठी येतायत, आणि ते कारण उद्या संपलं तर मागे काय राहील?

एक प्रकार आणखी फसवा आहे. तो म्हणजे केवळ घरबांधणीवर वाढणारं शहर. तिथला मोठा रोजगार म्हणजे नव्याने येणाऱ्यांसाठी घरं बांधणं. येणारे थांबले की रोजगार थांबतो, आणि रोजगार थांबला की दुकानंही उठू लागतात.

पाणी, सांडपाणी आणि सखल जमीन

नळाला आज पाणी येतं का, हा प्रश्न अपुरा आहे. पाणी कुठून येतं, त्या स्रोताची क्षमता किती, कोरड्या महिन्यांत रोज किती उपसा होतो आणि मंजूर झालेल्या पण अजून जोडल्या न गेलेल्या घरांना किती लागणार, हे विचारायचं. खरी मेख शेवटच्या प्रश्नात असते. परवानग्या आधी मिळतात, माणसं नंतर राहायला येतात. त्यामुळे आजचा पुरवठा नेहमी खऱ्या परिस्थितीपेक्षा बरा दिसतो. कूपनलिकांवर भिस्त असेल तर शेजारच्या जुन्या घरांतल्या कूपनलिका पूर्वी किती खोल होत्या आणि आता किती खोल न्याव्या लागतात, हे विचारा. त्या दोन आकड्यांतला फरक कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा बोलका असतो.

सांडपाण्याचंही तेच. प्रक्रिया केंद्र ठरावीक वस्तीसाठी बांधलेलं असतं. वस्ती त्यापुढे गेली की केंद्र वाढवायला वर्षं लागतात. तोवर काय होतं ते नाकाला कळतं.

पुराबाबत "इथे कधी पाणी चढलेलं नाही" या आश्वासनावर विसंबू नका, अगदी खरं असलं तरी. माती होती तिथे सिमेंट आणि डांबर आलं की पावसाचं पाणी मुरत नाही, एकदम वाहतं. वरच्या अंगाला नव्या वसाहती झाल्या की खालच्या, जुन्या आणि कोरड्या समजल्या गेलेल्या गल्ल्यांत पाणी शिरायला लागतं. मोकळे उरलेले स्वस्त भूखंड बऱ्याचदा सखल भागातच असतात. ते आजवर कोणी घेतले नाहीत, याला काही कारण असेलच.

रुग्णालयाची पाटी पाहून निर्धास्त होणं

मला सर्वांत महागाची वाटते ती ही चूक. "दहा मिनिटांवर रुग्णालय आहे" एवढ्यावर लोक समाधान मानतात. पण मेंदूतल्या गुठळीमुळे पक्षाघात झाला तर ती विरघळवणारं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी मेंदूचं स्कॅन करून रक्तस्राव नाही ना हे पाहावं लागतं. हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यात रुग्णालयात पोचल्यापासून 90 मिनिटांत बंद पडलेली धमनी उघडावी, असं उद्दिष्ट असतं. तेव्हा इमारत किती जवळ आहे यापेक्षा रात्री दोन वाजता तिथे स्कॅन होतं का, ते वाचणारं कोणी असतं का, अँजिओप्लास्टी होते का, आणि होत नसेल तर रुग्ण कुठे आणि किती वेळात हलवतात, हे महत्त्वाचं. प्रत्यक्ष जाऊन तिथल्या परिचारिकांना विचारा. खरं उत्तर तिथे मिळतं.

हे झालं अचानक येणाऱ्या दुखण्याचं. दीर्घ आजारांचा हिशेब वेगळा. डायलिसिस साधारणपणे आठवड्यातून तीनदा, दर वेळी सुमारे चार तास. केंद्र दोन तासांवर असेल तर जाण्यायेण्याचे चार तास धरून आठवड्याचे तीन दिवस त्यातच संपले. घरात आधीच कोणता आजार असेल, तर त्याचा तज्ज्ञ त्या शहरात कायम राहतो की महिन्यातून एकदा येतो, हे पत्ता बदलण्याआधी कळायला हवं.

मदतीला माणसं मिळतीलच असं धरणं

छोट्या शहरात कामाला माणसं सहज मिळतात, हा समज शहर वाढायला लागलं की जुना होतो. घरांच्या किमती आणि भाडी चढली की सर्वांत आधी बाहेर फेकले जातात ते परिचारिका, प्लंबर, वीजतंत्री, रिक्षा-टॅक्सी चालवणारे, आजारी माणसाची शुश्रूषा करणारे. ते दूरच्या गावी राहायला जातात आणि तिथून येतात, किंवा येतच नाहीत. म्हणून घर घेताना स्वतःला परवडतं का एवढंच पाहू नका. ज्यांच्या आधारावर म्हातारपण काढायचं, त्यांना त्या शहरात राहणं परवडतं का, हेही पाहा. एखाद्या परिचारिकेच्या किंवा शिक्षकाच्या पगारात तिथे भाड्याची दोन खोल्यांची जागा मिळते का, एवढी साधी चौकशी केली तरी पुष्कळ कळतं.

त्यातच सारी नवी वसाहत निवृत्तांची असली तर एक अडचण हळूहळू उभी राहते. सगळे जवळपास एका वयाचे, सगळे एकाच सुमाराला येतात आणि सगळ्यांना आधाराची गरजही एकाच सुमाराला लागते. पंधरा वर्षांनी त्या इमारतीत लिफ्ट बंद पडली, तर खालून सामान वर आणून द्यायला तरणं कोणी नसतं.

गाडी आहे ना!

आज आहे. अमेरिकेत 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की सत्तरीतले पुरुष गाडी चालवणं थांबल्यावरही सरासरी सहा-सात वर्षं जगतात, आणि बायका सुमारे दहा वर्षं. त्या वर्षांत औषधाचं दुकान, बँक, किराणा, डॉक्टर आणि गप्पा मारायला एखादा कट्टा पायी गाठता येईल का? वाढत्या शहरांत नव्या वसाहती बहुधा कडेला होतात, सार्वजनिक वाहतूक मात्र जुन्या गावातच फिरत राहते. थोडं लहान आणि थोडं जुनं, पण बाजाराजवळचं घर मी केव्हाही पसंत करीन.

सुट्टीत पाहून भाळणं

चांगल्या हवेत, सुट्टीच्या दिवशी, पाहुणचार घेत पाहिलेलं शहर कोणाला आवडणार नाही? सर्वांत वाईट ऋतूत जा. कामाच्या दिवशी, शाळा सुटण्याच्या वेळी रस्त्यावर उभे राहा. रात्री वीज किती वेळ जाते ते पाहा. वाऱ्याची दिशा बदलली की कचरा डेपो कळतो.

हवेबद्दल एक गंमत आहे. डेव्हिड श्केड आणि डॅनियल काहनेमन या संशोधकांनी 1998 साली कॅलिफोर्नियातल्या आणि अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या विद्यार्थ्यांची तुलना केली. कॅलिफोर्नियातले जास्त समाधानी असणार, असं दोन्हीकडच्यांना वाटत होतं. प्रत्यक्ष समाधानात फरक निघाला नाही. ठिकाण निवडताना हवा डोळ्यांपुढे येते. रोजचं जगणं मात्र झोप, तब्येत, पैसा आणि सोबतीची माणसं यांवर चालतं.

विकून टाकलं, घेऊन टाकलं

जुनं घर विकून लगेच नवं विकत घेणं ही दुहेरी उडी आहे. जमत असेल तर जुनं घर भाड्याने द्या आणि नव्या शहरात वर्षभर भाड्याने राहा. सगळे ऋतू कळतात, शेजार कळतो, आणि मुख्य म्हणजे शहराचा कोणता भाग आपला, हे कळतं. मोठ्या शहरातलं घर एकदा सुटलं की तिथल्या किमती पुढे जातात आणि परतीची वाट महाग होते.

दुसरं, "शहर वाढतंय, म्हणजे घराची किंमत वाढणारच" हे तितकंसं बरोबर नाही. शेजारी मोकळी जमीन आहे तोवर बिल्डर नवी घरं बांधत राहतो, सवलती देत राहतो, आणि तुमच्या दहा वर्षं जुन्या घराची स्पर्धा त्या कोऱ्या घरांशी होते. याउलट घरपट्टी, पाणीपट्टी आणि सोसायटीचा देखभाल खर्च वाढतच जातो, कारण नव्या वाहिन्या आणि रस्त्यांचे पैसे कोणालातरी भरावेच लागतात. महागाई सहा टक्के राहिली तर ठरावीक उत्पन्नाची खरेदीशक्ती 12 वर्षांत निम्मी होते. हिशेब त्या बाराव्या वर्षाचा मांडा.

माणसांचा हिशेब

पती-पत्नीपैकी एकाचं स्वप्न आणि दुसऱ्याची तडजोड असेल, तर ते दोन वर्षांत वर येतं. दोघांनी वेगवेगळं लिहून काढा: मी एकटा किंवा एकटी उरले, तर इथे राहीन का? मुलांच्या जवळ म्हणून जात असाल तर मुलांची बदली होऊ शकते हे आधी मनाशी धरा.

मैत्रीला वेळ लागतो, तोही अंदाजापेक्षा जास्त. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी 2018 साली मांडलेल्या अभ्यासात नव्या ठिकाणी राहायला गेलेली प्रौढ माणसंही होती. साध्या मैत्रीला सुमारे 50 तास आणि जवळच्या मैत्रीला 200 हून अधिक तास एकत्र घालवावे लागतात, असा त्यांचा निष्कर्ष. आठवड्याला दोन तास भेटलात तर जवळचा मित्र व्हायला जवळपास दोन वर्षं.

आणि गावात गेल्या गेल्या "आता इथे आणखी बांधकाम नको" म्हणून सह्यांची मोहीम काढू नका. मी आलो, आता दार लावा, हे जुन्या रहिवाशांना बरोबर ऐकू जातं.

आधीच गेला असाल आणि बिनसत असेल तर

करमत नसेल, तर पहिल्या वर्षातली उदासी शहराच्या माथी मारू नका. निवृत्तीचा रिकामेपणा आणि नवी जागा हे दोन बदल एकदम झालेले असतात. ठरावीक दिवशी ठरावीक ठिकाणी जावंच लागेल असं काहीतरी धरा: वाचनालयात, गाण्याच्या वर्गात, शाळेत शिकवायला. एकेकट्या ओळखींपेक्षा त्यातून मैत्रीचे तास लवकर साचतात.

पाणी, रस्ते, सांडपाणी यांचा त्रास असेल, तर एकट्याने तक्रार करण्यात दम जातो. शेजाऱ्यांसह लेखी निवेदन द्या, पोच घ्या आणि वाढीव क्षमतेचं काम मंजूर आहे का, निधी आलाय का, मुदत काय, हे तीन प्रश्न विचारा. मंजुरी आणि निधी दोन्ही असतील तर कळ काढण्यात अर्थ आहे. नुसतं आश्वासन असेल तर ते नाही असंच समजा.

वैद्यकीय सोय अपुरी पडतेय आणि घरात गंभीर आजार आहे, तर मात्र थांबू नका. धडधाकट असताना घर बदलणं आणि रुग्णवाहिकेतून आल्यावर घर बदलणं यांत फार फरक आहे. परतायचं ठरलंच, तर आधी त्याच शहरातला मधला भाग किंवा जवळचं मोठं गाव पाहा. पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं. घर विकायचं असेल तर शेजारच्या प्रकल्पाचा पुढचा टप्पा बाजारात यायच्या आधी काढा, कारण त्यानंतर तुमच्या दारात येणारा ग्राहक आधी नमुना सदनिका पाहून आलेला असतो.